फोर बाय फोरचा दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढतच नाहीत

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी घेतली की पहिल्या पावसाळ्यात हटकून ऐकू येणारी ही तक्रार. नाशिकजवळ हरसूल-पेठकडे फिरायला गेलेली गाडी नाहीतर दिंडोरीकडच्या बागेत काळ्या मातीत रुतलेली गाडी शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढलेली असते. मालक म्हणतो, "डॅशवर दिवा तर लागला होता, मग पुढची चाकं का नाही फिरली?" सीझनला अशा गाड्या माझ्याकडे येतात. नव्वद टक्के नाही म्हणणार, पण बऱ्याच गाड्यांचं दुखणं स्वस्तातलं निघतं. आणि त्यातल्या कित्येक गाड्यांचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) कुणीतरी आधीच उगाच उघडून ठेवलेला असतो.

आधी लक्षणं बघा. तुमची गाडी यातल्या कुठल्या ओळीत बसते, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

• दिवा नीट लागतो, पण चिखलात फक्त मागची चाकं गरगर फिरतात.
• दिवा नुसता लुकलुकतो, स्थिर होत नाही.
• बटण फिरवलं तरी काहीच होत नाही, खालून आवाजही नाही.
• फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) लागतं, फोर लो (चारही चाकं, वेग कमी पण जोर जास्त) लागत नाही किंवा लागताना कर्रकन आवाज येतो.
• फोर बाय फोर लागतं, पण परत टू व्हीलमध्ये (फक्त मागची चाकं) यायला तयार नाही.
• टू व्हीलमध्येच पुढून करकर आवाज येतो, वेग वाढला की वाढतो.

हे सगळं 'पार्ट टाइम' फोर बाय फोरबद्दल आहे. म्हणजे एरवी मागची चाकं गाडी ढकलतात आणि लिव्हर किंवा बटणाने पुढची जोडता येतात, अशा गाड्या. जुनी जीप, जिप्सी, स्कॉर्पिओ आणि थारच्या फोर बाय फोर आवृत्त्या यात आल्या. जी गाडी स्वतःच ठरवून ताकद वाटते, त्या ऑल व्हील ड्राइव्हची तऱ्हा वेगळी, तिला यातले निम्मे उपाय लागू नाहीत.

पहिल्या लक्षणाचं कोडं दोन वाक्यांत सुटतं. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या प्रोपेलर शाफ्टलाही (गाडीच्या मधून ताकद पुढे नेणाऱ्या दांड्याला) देतो. पण बऱ्याच गाड्यांत पुढचं चाक आणि त्याचा शाफ्ट कायमचे जोडलेले नसतात, मध्ये हब असतो आणि तो लॉक झाला तरच चाक फिरतं. अशा गाडीत डॅशवरचा दिवा ट्रान्सफर केसपुरतंच बोलतो, हबचं त्याला काही ठाऊक नसतं. दिवा लागला म्हणजे अर्धी साखळी जोडली गेली, एवढंच.

हे कळलं नाही की गॅरेजवाला थेट ट्रान्सफर केस उतरवायला घेतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पैसे न खर्चता बघायच्या गोष्टी

गाडी खरंच फोर बाय फोर आहे का? हसू नका. मागच्या दारावर बिल्ला चिकटवलेली, आतून टू व्हील असलेली गाडी विकायला येते. पुढच्या बंपरखाली वाकून बघा. इंजिनच्या खालच्या अंगाला डिफरन्शियलचा (ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरचा) गोळा आणि त्यातून दोन्ही चाकांकडे जाणारे शाफ्ट किंवा ते ज्यात असतात ती नळी दिसली पाहिजे. आणि गाडीच्या मधून पुढे येणारा प्रोपेलर शाफ्टही हवा. एका गाडीत मला हा शाफ्टच काढून टाकलेला सापडला. आधीच्या मालकाने आवाज येतो म्हणून काढला आणि डिकीतही ठेवला नाही.

जुन्या जिप्सी-जीपमध्ये पुढच्या चाकाच्या मधोमध फिरवायची चकती असू शकते. एक खूण मोकळ्याची, एक लॉकची. खाली उतरून दोन्ही बाजूंच्या चकत्या लॉकवर पूर्ण फिरवल्याशिवाय आतला लिव्हर कितीही ओढा, पुढची चाकं नुसती लोळणार. एक बाजू लॉक आणि दुसरी अर्धवट असली तरी काम होत नाही, कारण डिफरन्शियल सगळी ताकद मोकळ्या बाजूला सोडून देतो.

मग चालवण्याची पद्धत. फोर हाय चालत्या गाडीत लावता येतं, पण चाकं सरळ हवीत आणि वेग पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत हवा. फोर लोसाठी गाडी थांबवा, क्लच पूर्ण दाबा, गिअर न्यूट्रल करा आणि मगच बटण फिरवा. ऑटोमॅटिक असेल तर एन. लुकलुकणारा दिवा बहुतेक वेळा एवढंच सांगत असतो की आतले दाते समोरासमोर आलेले नाहीत. गाडी पाच-दहा फूट पुढे-मागे सरकवा, दिवा स्थिर होतो. रुतल्यावर चाक एका जागी फिरत असताना बटण फिरवणं ही सगळ्यात वाईट वेळ. चिखल समोर दिसला की आधीच लावा.

आणि तपासणी डांबरी रस्त्यावर करू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या गोलावर जातात. पार्ट टाइम गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये हा फरक पचवायला काही नसतं. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, त्यामुळे सगळा पीळ शाफ्ट, चेन आणि गिअरवर बसतो. गाडी वळताना अडखळते, उड्या मारल्यासारखी जाते आणि नंतर टू व्हीलमध्ये यायला नकार देते. "परत येत नाही" म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांना मी हातही लावत नाही. स्टिअरिंग सरळ धरून दहा-पंधरा फूट रिव्हर्स घ्या, नाहीतर कच्च्यावर उतरवा. पीळ सुटला की खट् आवाज होतो आणि दिवा विझतो.

टायर

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण जुन्या गाडीत हा घोळ सर्रास असतो आणि कुणीही याचा फोर बाय फोरशी संबंध लावत नाही.

विकणारा गाडी 'तयार' करताना दोन नवे टायर टाकतो. पुढे नवे, मागे गोटा झालेले. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर, झिजलेल्याची २. म्हणजे त्रिज्येत ६ मिलिमीटरचा फरक. चाकाची त्रिज्या ३७० मिलिमीटर धरली तर हा फरक दीड टक्क्याच्या वर जातो. म्हणजे एक किलोमीटरमागे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या हिशेबात साधारण १६ मीटरचा घोळ. मातीत टायर घसरून तो मिटतो. ओल्या डांबरावर, खडकाळ वाटेवर तो पीळ होऊन ट्रान्सफर केसच्या चेनवर बसतो. गाडी सरळ जात असतानाही.

म्हणून चारही टायरच्या कडेवरचा आकडा वाचा. कंपनी, साइज आणि शक्यतो नक्षीही सारखीच हवी. हवा चौघांत पुस्तिकेप्रमाणे. दोनच नवे घ्यावे लागले, तर फोर बाय फोर फक्त सैल जमिनीवर वापरायची असं पक्कं ठरवा. स्टेपनी वेगळ्या साइजची असेल तर ती लावून फोर बाय फोर अजिबात नाही.

कान लावून ऐका

हे एक मिनिटाचं काम आहे. शांत जागी गाडी उभी करा, इंजिन बंद, चावी फक्त ऑनवर. कुणाला तरी बटण फिरवायला सांगा आणि तुम्ही गाडीच्या मध्यावर, दारापाशी उकिडवे बसा. बटणाच्या गाड्यांत ट्रान्सफर केसवर एक छोटी मोटर असते, ती सेकंद-दोन सेकंद 'घर्र' करते. बॉनेटकडून सोलेनॉइडची (विजेवर उघडणाऱ्या झडपेची) 'टिक' ऐकू येते. काही गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय किंवा क्लच दाबल्याशिवाय मोटर हलतच नाही, म्हणून पुस्तिका बघूनच निष्कर्ष काढा.

अजिबात आवाज नाही, म्हणजे दुखणं विजेचं. फ्यूज बघा. मग बॅटरी. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदा मिळाले पाहिजेत. अशक्त बॅटरीवर स्टार्टर कसाबसा मारतो, पण शिफ्टची मोटर अर्ध्यातच दम सोडते आणि कंट्रोलर दिवा लुकलुकवत बसतो. बॅटरी बदलल्याबरोबर फोर बाय फोर सुरळीत झालेल्या गाड्या मी पाहिल्यात.

त्यानंतर खालचा कनेक्टर. चिखल-पाण्याच्या माऱ्यात बसलेला हा बिचारा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कनेक्टर सोडवा आणि आतल्या पिना बघा. हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुकू द्या. वायरी हाताने चाचपत वरपर्यंत जा. गाडी शेतावर, कांद्याच्या चाळीजवळ उभी राहत असेल तर उंदराने कुरतडलेली वायर सापडायची शक्यता चांगलीच. टेपची गुंडाळी करून भागवू नका, वायरमनकडून सोल्डर करून स्लीव्ह चढवून घ्या. खाली पाणी लागणारच आहे.

आवाज येतो, दिवा लागतो, तरीही चाकं ओढत नाहीत? मग पुढे चला. मुख्य संशयित आता येतोय.

व्हॅक्यूमचा पाइप

ज्या गाड्यांचे हब व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर लॉक होतात, त्यांत इंजिनपासून चाकापर्यंत बोटापेक्षा बारीक रबरी पाइप गेलेले असतात. पाइप जुना झाला की कडक होतो आणि भेगाळतो. नेमका तिथेच, जिथे स्टिअरिंगबरोबर तो सतत वाकतो. चाकाच्या कमानीत हात घालून त्या शेवटच्या हातभर तुकड्याकडे नीट बघा. स्टिअरिंग सरळ असताना चिर मिटलेली असते आणि पाइप धडधाकट दिसतो. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे फिरवून बघा. एका गाडीत नखाएवढी चिर फक्त स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे असताना तोंड उघडायची. बाकी वेळी हब व्यवस्थित लागायचा, म्हणून दोन गॅरेजांनी "काही प्रॉब्लेम नाही" म्हणून परत पाठवली होती. पाइप बदलायला लागले ते मिसळ-पावाएवढे पैसे. मात्र साधा पेट्रोलचा पाइप लावू नका, व्हॅक्यूमचाच मागा, नाहीतर ओढीने तो आतल्या आत चपटा होतो.

हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप असेल तर सोलेनॉइडकडचं टोक काढून चाकाच्या बाजूला पंपाच्या काट्यावर १५ इंचाच्या (पाऱ्याच्या इंचांत) आसपास ओढ लावा. काटा झटकन पडला तर त्या बाजूला गळती. मग पाइप हबपाशी काढून बोटाने बंद करा आणि पुन्हा ओढ द्या. आता टिकला तर पाइप चांगला आहे, हबचं सील गेलंय. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा.

इथे एक धोक्याची खूण. डिझेल गाडीत हाच व्हॅक्यूम ब्रेकच्या बूस्टरलाही लागतो. इंजिन चालू असताना ब्रेक पेडल लाकडासारखं कडक लागत असेल तर फोर बाय फोरचा विषय तिथेच सोडा. व्हॅक्यूम पंप किंवा मुख्य पाइप गेलेला असू शकतो. ती गाडी कसारा घाटात सोडाच, गंगापूर रोडलाही चालवायची नाही. फिटरला गाडीपाशी बोलवा.

जॅकवरची तपासणी

ही जमली तर दोष कुठे आहे ते उघड होतं. सपाट, टणक जागा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. फोर हाय लावून दिवा स्थिर करा. हब व्हॅक्यूमचे असतील तर इंजिन चालू ठेवावं लागेल. स्टिअरिंगपाशी जाणता माणूस बसवा, त्याने गिअरला हात लावायचा नाही. पुढचं एकच चाक जमिनीवरून उचला आणि खाली स्टँड द्या. गाडीखाली कुणीही जायचं नाही. बघायचं ते सगळं चाकाच्या कमानीतून टॉर्चने.

आता चाक हाताने फिरवा. बोटभर हललं आणि अडलं, तर हब, डिफरन्शियल, ट्रान्सफर केस सगळे जोडलेले आहेत. मोकळं फिरलं, तर चाकामागचा शाफ्ट बघा (तो बंद नळीत असेल तर ही खूण दिसणार नाही):

चाक फिरतंय आणि शाफ्ट उभा आहे, तर याच बाजूचा हब लॉक झालेला नाही. शाफ्टही चाकाबरोबर फिरतोय, तर हा हब ठीक आहे. मग प्रोपेलर शाफ्टकडे टॉर्च मारा. तो फिरत असेल तर ट्रान्सफर केस जोडला गेलेला नाही, दिवा काहीही सांगो. तो स्थिर असेल तर पलीकडच्या बाजूचा हब मोकळा आहे आणि तिकडचा शाफ्ट उलटा फिरतोय.

दुसऱ्या बाजूनेही हेच करा. काही गाड्यांत हबऐवजी पुढच्या एक्सलमध्येच जोडणी असते, तिथे एका बाजूचा शाफ्ट कायम चाकाबरोबर फिरतो. त्यावरून हब बरा आहे असं समजू नका.

हब दोषी निघाला आणि हात बसलेला असेल तर वरची टोपी काढून बघता येतं. आत तांबूस पाणी किंवा साबणासारखं घट्ट झालेलं ग्रीस दिसेल. साफ करा, ओ-रिंग नवी टाका आणि पुस्तिकेत सांगितलेलं ग्रीस पातळ थरात लावा. हब ग्रीसने ठासून भरण्याची गॅरेजमध्ये रीतच आहे. त्या ग्रीसमुळे आतली कडी सरकतच नाही आणि महिन्याभरात गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. टोपीच्या आतला मोठा नट मात्र सोडवू नका. त्यावर चाकाच्या बेअरिंगचा ताण बसवलेला असतो. तो चुकला तर बेअरिंग जळतं, आणि ते जळतं महामार्गावर. इथून पुढे फिटर.

ऑइल

ट्रान्सफर केस उघडायच्या आधी त्याचं ऑइल बघा. भरायचा बोल्ट आधी सोडवा, काढायचा नंतर. भरायचा बोल्ट गंजून बसला असेल आणि तुम्ही ऑइल आधीच सोडून दिलं असेल, तर गाडी जागेवरच अडकली. जुन्या गाडीत हा बोल्ट जाम असतोच, आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा.

निघालेलं ऑइल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात घ्या. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप चालतो, तुकडे किंवा टोचणारे कण दिसले की थांबा. अनेक ट्रान्सफर केसमध्ये लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींत गिअर ऑइल. "सगळं एकच असतं" म्हणणाऱ्याकडून भरून घेऊ नका, पुस्तिकेतला ग्रेड लिहून न्या.

पाणी गेलं कुठून? बहुतेक वेळा ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायच्या भोकातून) किंवा ब्रीदर बंद असल्यामुळे. तापलेला डिफरन्शियल फरशी पुलावरच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती ओढ सीलमधून पाणी आत खेचते. डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस दोन्हींचे ब्रीदर साफ करा आणि पाइप जोडून बॉनेटच्या उंचीपर्यंत वर घ्या. त्र्यंबक-इगतपुरीचा पाऊस अंगावर घेणाऱ्या गाडीला हे हवंच.

विकत घेतानाच ही खूण सापडली तर गाडी पुरात उभी होती का, तेही तपासा. गोदाघाटावर पाणी चढल्यावर अडकलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे जातात. सीटच्या पट्ट्या पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला गाळाची रेघ शोधा, गालिच्याखालच्या फोमला हात लावून बघा.

इथे थांबा

फोर बाय फोरमध्ये ओढ बसताच खालून खणखण किंवा दाते सुटल्यासारखा आवाज येत असेल, तर चेन सैल झाली असण्याची शक्यता आहे. फोर लोमधून गाडी बाहेर येत नसेल आणि रिव्हर्स घेऊनही पीळ सुटत नसेल. ऑइलमध्ये धातूचे तुकडे असतील. जॅकवरच्या तपासणीत ट्रान्सफर केसच दोषी निघाला आणि वायरिंग ठीक असेल. या चारही वेळी पाना खाली ठेवा. ट्रान्सफर केस जड असतो, घरच्या जॅकवर उतरवायची वस्तू नाही, आणि आतला शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारा काटा) उलटा बसला तर तो धड लागतही नाही आणि सुटतही नाही.

फोर बाय फोरमध्ये अडकलेली गाडी गॅरेजपर्यंत न्यायची तर चारही चाकं वर घेणारा टो ट्रकच सांगा. दोन चाकं उचलून ओढत नेली तर जमिनीवरची चाकं आतून ट्रान्सफर केस फिरवत राहतात, आणि हजारांचं काम लाखाकडे सरकतं.

नाशकात फिटरची वानवा नाही. स्कॉर्पिओ २००२ सालापासून इथल्याच कारखान्यात बनते, सातपूर-अंबडकडे तिच्या अंगाखांद्याची माहिती असलेले हात पुष्कळ आहेत. पण सगळेच फोर बाय फोरवाले नसतात. जाताना वरच्या तपासणीचा निकाल कागदावर लिहून न्या: कुठली बाजू मोकळी, प्रोपेलर शाफ्ट फिरला की नाही, व्हॅक्यूम टिकला की पडला. हे ऐकून जो "आधी केस उतरवून बघू" म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढच्याकडे जा. जो आधी स्वतः जॅक लावून चाक फिरवून बघतो, त्याच्याकडे गाडी ठेवा. बदललेले भाग परत मागा आणि जुनं ऑइल तुमच्यासमोर काढायला सांगा.

काम झाल्यावर महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर हाय लावून सरळ चालवा, थोडं फोर लोही. वर्षभर न हललेला हब आणि मोटर पुन्हा जाम होतात, आणि ते कळतं बरोबर आषाढात, घोटीच्या पुढे कुठेतरी.